कॉलरमधला आकडा

१

अल मलाझमधल्या त्या लाँड्रीत धुण्याची आठ मशीन होती, वाफेच्या चार इस्त्र्या होत्या, पण दुकान चालायचं ते सिराजुद्दीनच्या शाईवर. आलेला प्रत्येक कपडा आधी त्याच्या टेबलावर यायचा. तो कॉलर उलटी करायचा, पक्क्या काळ्या शाईने आतल्या बाजूला आकडा टाकायचा आणि कपडा टोपलीत फेकायचा. तीनशे पांढरे तोब, अरबांचे पायघोळ झगे, एका रांगेत टांगले की कुठला कुणाचा हे त्यांच्या मालकांनाही सांगता येत नाही. आकडा सांगतो.

बाकीच्या लाँड्र्यांचे आकडे इंग्रजी. गल्लीत एकाचा कपडा दुसऱ्याकडे गेला की भांडणं. सिराजुद्दीनने एकवीस वर्षांपूर्वी, नवा असताना, बाणकोटच्या मराठी शाळेत गिरवलेले आकडे काढायला सुरुवात केली आणि ती कटकट संपली. अख्ख्या रियाधमध्ये तसे आकडे दुसऱ्या कुणाच्या कॉलरवर नव्हते.

"चाचा, गुरुजींनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती," इस्त्रीवरचा सदानंद म्हणायचा. तो संगमेश्वरचा, आणि दुकानात मराठी बोलायला सिराजुद्दीनला तेवढा एकच माणूस होता.

"गुरुजींनी छडीच मारली असती. माझा नऊ कधी धड आला नाही."

त्या हिवाळ्यात दुकानाला नवं गिऱ्हाईक लागलं. सुदानचे बारा सैनिक कसल्याशा प्रशिक्षणासाठी आले होते आणि मागच्या गल्लीत फर्निश्ड खोल्यांत राहत होते. दर मंगळवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर त्यांचं एक गाठोडं यायचं, बारा वर्द्यांचं. सिराजुद्दीनने एक ते बारा आकडे टाकून दिले. पहिला आकडा त्यांच्या सार्जंटचा. त्याचं नाव तल्हा, उंच, आडव्या हाडाचा, कमी बोलणारा. नववा इमाद, सगळ्यांत किडकिडा आणि सगळ्यांत बडबड्या.

दुसऱ्याच आठवड्यात इमाद काउंटरवर आला तो तल्हाचा शर्ट घालून. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

"अम्मो," तो म्हणाला, सिराजुद्दीनला तो काकाच म्हणायचा, "तुमच्या पाण्यात मी आटलो की कापड वाढलं?"

तेव्हा उलगडा झाला. मराठीतला एक अरबी माणसाला नऊ दिसतो. तोच गोल, तीच खाली सुटलेली शेपटी. इमादने '१' बघितला, आपला नऊ म्हणून उचलला. आणि त्याचा खरा '९' कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

"हा काय आकडा आहे? पोटात कळ आली असताना काढलात?" इमाद '९' कडे बोट दाखवून म्हणाला. सगळे हसले. तल्हासुद्धा.

सदानंद म्हणाला, "चाचा, त्यांच्यासाठी तरी इंग्रजी टाका."

सिराजुद्दीनने टाकले नाहीत. एकवीस वर्षांचा हात तो. इमादला त्याने शिकवलं, तुझा तो, ज्याला पोटात कळ आली आहे.

२

वर्दी धुणाऱ्याला सैनिकाचं जे कळतं ते सेनापतींना कळत नाही. कोण गुडघ्यावर सरपटतो आणि कोण सरपटल्याचं नाटक करतो, ते गुडघे सांगतात. कोण घरी पत्र लिहून टाकत नाही, ते खिसा सांगतो. इमादच्या खिशात भुईमुगाची टरफलं असायची, आणि छातीवर लाल सरबताचा डाग, नेहमी त्याच जागी, डावीकडे. तल्हाच्या खिशात काहीच नसायचं. त्याची बटणं मात्र दर आठवड्याला नव्याने, स्वतःच्या हाताने पक्की केलेली असत. बारांतले आठ जण सरकारी फौजेचे होते आणि चार दुसऱ्या, निमलष्करी दलाचे. तल्हा त्या चारांतला, इमाद आठांतला. पण ते जेवायचे एका परातीत. सिराजुद्दीनने स्वतः पाहिलं होतं, बारा उजवे हात एका परातीत.

रमजान लागायच्या आधी ते परत गेले. जाताना इमादने आपल्या बहिणीची ओळख करून दिली. इस्मत तिथल्याच एका दवाखान्यात नर्स होती आणि केरळच्या नर्सांकडून शिकलेलं मोडकं हिंदी बोलायची.

रमजानच्या चोविसाव्या दिवशी त्यांच्या देशात लढाई पेटली. सरकारी फौज एका बाजूला, ते दुसरं दल दुसऱ्या बाजूला. दोन जनरल, एक खुर्ची. ज्यांनी आदल्या संध्याकाळी एकत्र रोजा सोडला, त्यांनी सकाळी एकमेकांवर तोफा लावल्या. सदानंदच्या मोबाइलवर मराठी पेपर यायचा. त्यात अकराव्या पानावर चार ओळी होत्या, आणि त्यातली एक तिथे अडकलेल्या भारतीयांबद्दल. जगाने सुदानी माणसाची किंमत तेवढी केली. पुढे जेद्द्यात दोन्ही बाजूंचे लोक वाटाघाटींना आले, हात मिळवले, फोटो निघाले. बॉम्ब पडतच होते.

इस्मत ईदच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आली. तिच्याजवळ धुवायला काही नव्हतं.

"चाचा, इमाद का फोन बंद है," ती म्हणाली. "सात दिन."

सिराजुद्दीनने तिला बसायला स्टूल दिलं.

३

त्यानंतरच्या मंगळवारी, असर झाल्यावर, काउंटरवर गाठोडं होतं.

कुणी ठेवलं ते सिराजुद्दीनने पाहिलं नाही. सदानंदनेही नाही. मळकी पांढरी चादर, वरती दुहेरी गाठ आणि गाठीचे कान आत खोचलेले. तशी गाठ ते बारा जण बांधायचे.

आत बारा वर्द्या होत्या.

"परत आले वाटतं," सदानंद म्हणाला.

"आले तर दिसले असते."

"मग ड्रायव्हर पाठवला असेल. चाचा, कपडे आलेत, धुवायचे. तुम्ही काय चौकीवर बसलाय?"

सिराजुद्दीनने कॉलरी उलट्या केल्या. आकडे त्याचेच होते, एक ते बारा, शाई थोडी फिकी झालेली. गुडघ्यांना आणि कोपरांना तांबडी चिकण माती होती. रियाधची धूळ पिवळी आणि कोरडी, हातावर घेऊन फुंकली की जाते. ही जात नव्हती. इमादच्या खिशात टरफलं होती. छातीवर डाग होता, डावीकडे. त्याने डागाला नाक लावलं आणि सरबताचा वास आला तेव्हा त्याला बरं वाटलं. का बरं वाटलं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

बारांत एक वर्दी वेगळी होती. पाच नंबरची. ती वापरलेलीच नव्हती. रमजानआधी त्याने स्वतः घातलेली घडी तशीच, बाहीवरची इस्त्रीची धार तशीच, धरली तर बोटाला लागेल अशी.

मशीनमध्ये घातल्यावर बटणं काचेवर वाजायला लागली. सैनिकी बटणं जड असतात. सिराजुद्दीनला तो आवाज पाठ होता. पण या वेळी ती एका लयीत वाजत होती. डावं, उजवं. डावं, उजवं. तो जवळ जाऊन उभा राहिला. ड्रम गोल फिरतो, गोल फिरणाऱ्या वस्तूला डावं-उजवं नसतं, असं त्याने मनाला समजावलं. मशीन थांबलं. पाणी उतरलं. ड्रम स्थिर झाला.

मग आतून आणखी दोन ठोके आले.

"थंड होताना पत्रा वाजतो," सदानंद इस्त्रीवरून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुहरला, भर दुपारी, शटर तीन चतुर्थांश खाली ओढून सिराजुद्दीन नमाजाला आणि सदानंद जेवायला गेला. परत आले तेव्हा तयार वर्द्यांची दांडी रिकामी होती.

४

इस्मत गुरुवारी आली. त्या बारा जणांच्या घरच्यांनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप केला होता. कुणाचा भाऊ या बाजूला, कुणाचा नवरा त्या बाजूला, पण ग्रुप एकच.

"बाबिकर गया," ती म्हणाली. "पहले ही दिन. उसकी माँ को कल बताया."

बाबिकर कोण, ते सिराजुद्दीनला आठवायला वेळ लागला नाही. बाबिकर पाचवा.

बाईला काय सांगणार? एक वर्दी स्वच्छ आली म्हणून? दुकानात रोज कितीतरी कपडे न घातलेले येतात. लोक कपाटातला वास घालवायला देतात.

पुढच्या मंगळवारी गाठोडं आलं त्यात तीन वर्द्या कोऱ्या होत्या. पाच, तीन आणि अकरा. शुक्रवारी इस्मतने दोन नावं सांगितली. त्याच्या पुढच्या मंगळवारी कोऱ्या वर्द्या पाच होत्या, आणि त्या वेळी सिराजुद्दीनने नावं कळायची वाट पाहिली नाही. ती त्याला आधीच माहीत होती. इस्मत बोलत होती तेव्हा तो फक्त हुंकार देत होता, आणि प्रत्येक नाव बरोबर निघत होतं.

"और इमाद?" त्यानेच विचारलं.

"कुछ नहीं. आप क्यों पूछते हैं ऐसे?"

"कैसे?"

"जैसे आपको मालूम है."

तो मागे जाऊन पाणी प्यायला. त्याला इतकंच माहीत होतं की नऊ नंबरची वर्दी मळलेली होती, भरपूर मळलेली, एका खांद्यावर फाटलेली, घामाने कडक झालेली. मळलेली म्हणजे अंगात माणूस आहे. हे कुणाला सांगितलं तर लोक त्याला बाणकोटला परत पाठवतील, आणि ठीकच करतील.

रात्री घरी शरफुन्निसाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "जेवलात ना? आवाज दूरनं येतोय."

"दूरच आहे मी."

"रोज दूरच असता. आज जास्त वाटतंय."

५

चौथ्या मंगळवारी सात कोऱ्या होत्या. मळलेल्या पाच. त्यांत एक नंबरची होती, नऊ नंबरची होती.

नऊच्या कॉलरवरची शाई जवळजवळ गेली होती. शाई उडाली की पुन्हा आकडा टाकायचा, हा कामाचा नियम. सिराजुद्दीनने पेन उघडलं आणि कॉलरवर धरलं. मग पुन्हा बंद केलं.

आकडा नसला तर ही कुणाची ते कुणाला कळणार नाही. आणि परत गेलीच नाही तर कुणाच्या अंगावर चढणार नाही. विचार मूर्खपणाचा होता, हे त्याला समजत होतं. तरी त्याने इमादची वर्दी न धुता तशीच पिशवीत घातली, मागच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. बाकीच्या अकरा धुतल्या, इस्त्री केल्या.

बुधवारी जुहरला तो जेवायला गेला नाही.

"पोट बरं नाही," त्याने सदानंदला सांगितलं.

"कुणाला तरी कळ येणारच होती," सदानंद म्हणाला आणि शटर ओढून निघून गेला.

शटर खालून वीतभर उघडं होतं. त्या वीतभरातून भर दुपारचं ऊन आत आलं होतं, फरशीवर एक लांब पांढरी पट्टी. बॉयलर बंद. कुठलंतरी हँगर दांडीवर हलत होतं, पंख्यामुळे असेल. सिराजुद्दीन पुठ्ठ्यावर आडवा झाला, आणि पंखा बंद आहे हे त्याच्या लक्षात आलं.

फुटपाथवर पावलं वाजली. एकाच माणसाची. घाईची नाहीत, रमतगमतही नाहीत. मोजलेली. दुकानासमोर आली आणि टाचा जुळल्या.

शटरखाली दोन बूट दिसत होते. त्यांना तांबडी माती होती. ऊन त्यांच्या मागून आत येत होतं, म्हणजे त्यांची सावली फरशीवर पडायला हवी होती. पांढरी पट्टी अखंड होती.

"तिस्सा," आवाज आला. नऊ.

तो धमकी देत नव्हता. विनवणी करत नव्हता. हजेरी घेणारा माणूस यादीतलं पुढचं नाव घेतो तसा होता.

सिराजुद्दीन हलला नाही. मघाचं हँगर थांबलं.

"तिस्सा."

दांडीवर अकरा वर्द्या होत्या. आपण कधी उठलो हे सिराजुद्दीनला नंतर आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की पहिल्या वर्दीची कॉलर त्याच्या हातात होती आणि त्यावर ठळक, न उडालेला '१' होता. त्याला आठवत होतं आपण काय विचार केला तेही, आणि ते त्याला पुढे कधीच विसरता आलं नाही. त्याने विचार केला, तल्हा तर त्या बाजूचा आहे.

बाणकोटचा माणूस. अल मलाझमध्ये कॉलरी उलट्या करणारा. ज्या देशाची सीमा त्याने कधी पाहिली नाही, त्या देशाच्या लढाईत त्याला एका क्षणात बाजू सापडली. लढाया अशाच पसरतात. त्यांना रणांगण लागत नाही, एक आवडता माणूस पुरतो.

त्याने वर्दी शटरखालून सरकवली आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "तिस्सा."

एक हात खाली आला. फक्त मनगटापर्यंत दिसला. बाहीला इस्त्रीची धार होती, त्याच्याच हातची. अंगठा कॉलरच्या आत गेला, आकड्यावरून फिरला, गोलावरून, मग शेपटीवरून. खात्री करून घेतल्यासारखा. मग वर्दी, हात आणि बूट नव्हते. पावलं जाताना वाजली नाहीत.

उरलेल्या दहा वर्द्या न्यायला कुणीच आलं नाही.

६

पुढच्या मंगळवारी गाठोडं आलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. सिराजुद्दीन आकडे टाकत राहिला, फक्त '१' आला की त्याचा हात थांबायचा. तो मग शंभरपासून सुरुवात करायला लागला, तर तिथेही एक आडवा आला.

"दोनशेपासून करा," सदानंद म्हणाला. मग त्याने सिराजुद्दीनच्या हातातलं पेन काढून खाली ठेवलं. "चाचा, तुम्ही घरी जाऊन या. एक्झिट-रीएंट्री व्हिसा काढा. मी बघतो इथलं."

शनिवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, इस्मत आली. एकटी नव्हती. तिच्याबरोबर सुदानी पद्धतीने अंगभर वस्त्र गुंडाळलेली एक बाई होती, पस्तिशीची, डोळ्यांखाली काळं पडलेली.

"ये तल्हा की बीवी," इस्मत म्हणाली. "जहाज से जेद्दा आई. बच्चे वहीं हैं, कैंप में."

त्या बाईने मोबाइल काउंटरवर ठेवला.

ग्रुपवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला होता. एका शर्टाची कॉलर, उलटी केलेली. तांबडी माती. कॉलरच्या वर काय होतं ते दाखवलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, आम्ही याला पुरत आहोत, ओळखत असाल तर सांगा. कॉलरच्या मधोमध, कोरीव काढल्यासारखा, तो आकडा होता.

"सब बोलते हैं नौ है," इस्मत म्हणाली. तिने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती. "नौ इमाद था. लेकिन इमाद बोलता था, चाचा का नौ नौ जैसा नहीं दिखता. आप बताइए. आपने लिखा है. ये क्या लिखा है?"

सिराजुद्दीन म्हणाला, "एक मिनिट."

तो मागे गेला. खिशातून किल्ली काढली. लोखंडी कपाटातली पिशवी त्याने उघडली आणि आत हात घातला. अठरा दिवस बंद कपाटात असलेली वर्दी. ती ओली होती. घामाचा वास ताजा होता. त्याने तळवा कापडावर ठेवला तेव्हा त्याला ऊब लागली, अंगातून आत्ता काढलेल्या कपड्याला असते तशी. आणि छातीच्या डावीकडे, डागाखाली, ते कापड जरासं वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं.

त्याने कपाट बंद केलं. सदानंदने इस्त्री उभी करून ठेवली होती आणि तो त्याच्याकडे पाहत होता.

"काय आहे त्यात?"

"काही नाही."

तो बाहेर आला. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. इस्मतचा हात आता तल्हाच्या बायकोच्या पाठीवर होता. आपल्या एका शब्दाने हा हात तिथेच राहणार आणि त्याला वेगळंच काम लागणार, हे सिराजुद्दीनला दिसलं.

त्याने फोटोवर बोट ठेवलं. अरबीतला शब्द त्याला येत होता. हिंदीतला तर तोच. एकवीस वर्षं तो दिवसातून शंभरदा दोन्ही बोलत होता.

"एक," तो म्हणाला. त्याच्या तोंडून शब्द आला तो बाणकोटच्या शाळेतला, गुरुजींपुढे म्हणायचा तसा, एऽक, लांबवलेला.

ओठांतल्या ओठांत आलेला तो शब्द इस्मतला नीट ऐकू गेला नाही. तिने बोटं वर केली. एका हाताची पाच, दुसऱ्याची चार. "नौ?"

तल्हाच्या बायकोने तिच्या हातांकडे पाहिलं, मग सिराजुद्दीनच्या चेहऱ्याकडे. तो चेहरा ती बराच वेळ वाचत राहिली. मग वस्त्रातून तिचा उजवा हात बाहेर आला, आणि तिने त्याच्यासमोर एकच बोट धरलं.

सिराजुद्दीनने मान हलवायची तेवढी बाकी होती.